माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर आणि जिवाणू

नागपूरच्या मंगळवारी बाजारातून किंवा भोईपुऱ्यातून जिवंत मरळ विकत आणणाऱ्याला ती हातात धरून ठेवता येत नाही, आणि घरी आणल्यावर राख किंवा जाडे मीठ चोळून तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर काढल्याशिवाय ती नीट चिरताही येत नाही. स्वयंपाकघरात नकोसा वाटणारा हा थर जिवंत माशाला मात्र जन्मभर रोगांपासून वाचवत असतो. तळ्याच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारणपणे दहा लाखांच्या घरात जिवाणू असतात. एरोमोनास, स्यूडोमोनास यांसारखे, संधी मिळताच माशाच्या अंगावर व्रण पाडणारे जिवाणूही त्यांत असतात. अशा पाण्यात चोवीस तास बुडून राहणारा मासा बहुतेक वेळा निरोगी राहतो, याचे मोठे श्रेय या थराला द्यावे लागते.

आपल्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा पापुद्रा मृत, कोरड्या आणि केराटिनने भरलेल्या पेशींचा असतो. माशाच्या त्वचेची बाहेरची पेशीसुद्धा जिवंत असते. तिच्यावर कोरडे कवच नसते आणि खवलेही तिच्या खाली, आतल्या थरात रुजलेले असतात. त्यामुळे माशाला बाहेरच्या पाण्यापासून वेगळे ठेवणारा पहिला पडदा म्हणजे त्वचेतल्या गॉब्लेट पेशींनी सतत स्रवलेला श्लेष्म, म्हणजेच तो बुळबुळीत थर, होय. म्युसिन नावाची, साखरेच्या साखळ्या जोडलेली मोठी प्रथिने पाणी शोषून फुगतात आणि त्यांचे जाळे तयार होते. जिवाणू या जाळ्यात अडकतात आणि जुना थर गळून पडताना त्याच्याबरोबर वाहून जातात. गोड्या पाण्यातल्या माशाला याची गरज आणखी एका कारणाने असते. त्याच्या रक्तातले क्षार बाहेरच्या पाण्यापेक्षा पुष्कळ जास्त असल्यामुळे त्वचा फाटली की पाणी आत शिरते आणि क्षार बाहेर झिरपतात, म्हणून जखमेतून केवळ संसर्गच होत नाही, तर शरीरातला क्षारांचा तोलही बिघडतो.

देशी मांगूर आणि शिंगी या माशांना खवले नसतात (आपल्याकडे बंदी असलेला आफ्रिकन मांगूरही बिनखवल्यांचाच, पण येथे विषय देशी जातीचा आहे), आणि मरळीप्रमाणेच हे मासेही हवेतला प्राणवायू घेऊन आटत्या डबक्यात, चिखलात तग धरतात. प्राणवायू कमी आणि कुजणारा पाला भरपूर असलेल्या अशा पाण्यात जिवाणूंची रेलचेल असते. या माशांचा श्लेष्म संशोधकांना इतका आकर्षक का वाटतो, हे त्यांच्या राहणीवरूनच लक्षात येते.

केवळ अडकवून वाहून नेणे एवढेच या थराचे काम असते, तर त्याचा अभ्यास फार पुढे गेला नसता. त्यात जिवाणूंना प्रत्यक्ष मारणारे पदार्थ आहेत. लायसोझाइम हे एन्झाइम अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1922 मध्ये माणसाच्या नाकातल्या स्रावात ओळखले होते. तेच माशाच्या श्लेष्मातही असते आणि ते जिवाणूची पेशीभित्तिका तोडते. ट्रान्सफेरिन हे प्रथिन जिवाणूंना वाढीसाठी लागणारे लोह स्वतःशी बांधून ठेवते. लेक्टिन ही प्रथिने जिवाणूंना एकमेकांना चिकटवून त्यांचे पुंजके करतात. शिवाय प्रतिपिंडेही असतात, आणि त्यांतला आयजीटी हा केवळ माशांत आढळणारा प्रकार 2005 मध्ये प्रथम वर्णिला गेला.

सर्वांत विलक्षण वाटते ती पॅरासिनची हकिकत. 1998 मध्ये कोरियातील शास्त्रज्ञांनी पूर्व आशियातल्या एका बिनखवल्यांच्या, मिशा असलेल्या माशाच्या जखमी त्वचेतून अवघ्या 19 अमिनो आम्लांचे एक पेप्टाइड (प्रथिनासारखीच, पण छोटी साखळी) वेगळे केले; तेच पॅरासिन. शोध घेताना असे दिसले की हा तुकडा हिस्टोन एच2ए या प्रथिनाचा आहे, म्हणजे पेशीच्या केंद्रकात डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांपैकी एकाचा. त्वचेला इजा झाली की कॅथेप्सिन डी हे एन्झाइम क्रियाशील होते आणि श्लेष्मातल्या हिस्टोनमधून हा तुकडा कापून मोकळा करते. जनुकांची बांधणी करणारे प्रथिन जखमेच्या वेळी जिवाणूनाशक म्हणून वापरले जाते, यातली काटकसर मला निसर्गाच्या सर्वांत सुंदर युक्त्यांपैकी एक वाटते. बेडकाच्या त्वचेतून 1987 मध्ये सापडलेल्या मॅगेनिन या पेप्टाइडच्या एका प्रकाराशी तुलना करता पॅरासिन वेगवेगळ्या सूक्ष्मजीवांवर 12 ते 100 पट अधिक प्रभावी ठरले आणि त्याने तांबड्या रक्तपेशी मात्र फोडल्या नाहीत.

असा भेद शक्य होतो तो विद्युतभारामुळे. या पेप्टाइडांवर धन भार असतो आणि जिवाणूच्या पटलाच्या, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्याच्या, बाहेरच्या बाजूस ऋण भाराचे रेणू दाटलेले असतात, म्हणून पेप्टाइड तेथे ओढले जाऊन पटल भेदते. आपल्या पेशींच्या पटलाची बाहेरची बाजू बरीचशी भारहीन असते आणि त्यात कोलेस्टेरॉलही असते, त्यामुळे तेथे ते सहसा टिकत नाही. पटलाची संपूर्ण रचनाच बदलणे जिवाणूला कठीण असल्याने या मार्गाविरुद्ध प्रतिकार निर्माण व्हायला वेळ लागतो, अशी आशा आहे. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे 2019 या एकाच वर्षात जगभरात सुमारे 12.7 लाख मृत्यू झाल्याचा अंदाज पाहता ही आशा महत्त्वाची आहे.

तरीही प्रयोगशाळेतल्या निष्कर्षांकडे सावधपणे पाहायला हवे. माशाला एक दिवस उपाशी ठेवून त्याच्या पाठीकडचा श्लेष्म हळूच खरवडून घेतात. विष्ठा मिसळू नये म्हणून पोटाकडची बाजू टाळतात. मग त्याचा अर्क जिवाणू पेरलेल्या अगारच्या (जिवाणू वाढवण्यासाठीच्या जेलीच्या) थाळीत टाकून भोवती किती मिलिमीटरचे निर्जंतुक वर्तुळ तयार होते ते मोजतात. आम्लात काढलेला अर्क पुष्कळदा पाण्यात काढलेल्या अर्कापेक्षा जास्त प्रभावी ठरतो. म्हणजे अर्क कसा काढला यावर निकाल अवलंबून राहतो. थाळीत जिवाणू मारणारे पेप्टाइड रक्तात गेल्यावर तिथल्या एन्झाइमांकडून तुटू शकते, क्षारांमुळे दुबळे पडू शकते, आणि ते मोठ्या प्रमाणात तयार करणे महागही असते. मांगुराचा चिकटा थेट जखमेला लावावा असा अर्थ तर यातून मुळीच निघत नाही. त्या थरात जिवंत जिवाणूही राहतात, आणि मासे हाताळणाऱ्यांच्या हातावरच्या जखमांत एरोमोनास किंवा मायकोबॅक्टेरियम मरिनम हे जिवाणू शिरल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. ब्राझीलमध्ये भाजलेल्या जखमांवर तिलापियाची त्वचा वापरली गेली, ती निर्जंतुक करून आणि तिच्यातल्या कोलॅजेनसाठी. त्याचा श्लेष्माशी संबंध नाही.

माझ्या मते या ज्ञानाचा पहिला लाभ माशालाच मिळायला हवा, आणि विदर्भात तो लगेच मिळू शकतो. भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर भागातले मालगुजारी तलाव ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्था ठेक्याने घेतात, आणि पावसाळ्यात त्यांत रोहू, कटला व मृगळ यांची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडली जाते. खरखरीत जाळ्यात घासलेल्या, दाटीने भरलेल्या किंवा कोरड्या हातांनी मोजलेल्या बोटुकलीच्या अंगावरचा थर जागोजागी निघतो आणि त्याच जागी बुरशी व जिवाणू शिरतात. भारतात 1988 मध्ये आलेल्या आणि मरळीला विशेष छळणाऱ्या व्रणरोगाचा बुरशीसदृश जीवही इजा झालेल्या त्वचेतूनच सहज आत जातो. मासे आजारी पडल्यावर तळ्यात प्रतिजैविके ओतण्यापेक्षा (क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटाच्या औषधांवर तर मत्स्यपालनात बंदीच आहे) तो थर शाबूत ठेवणे स्वस्त पडते. त्यासाठी गाठी नसलेल्या मऊ जाळ्या आणि ओले हात लागतात, वाहतूक पहाटेच्या गारव्यात करावी लागते, आणि बोटुकलीची पिशवी सोडण्यापूर्वी तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवून दोन्हीकडचे तापमान जुळू द्यावे लागते.