‘लिहून आणा’: कोकणातल्या रेडिओ मुलाखतीची पार्श्वभूमी

राजापूर, देवगड, मालवण या पट्ट्यात हल्ली कुणाच्याही खळ्यात दोन खुर्च्या टाकल्या की मुलाखत रेकॉर्ड होते. समोर स्टँडवर मोबाइल, कॉलरला अडकवलेला बोटभर माइक, मागे कोंबड्याचं आरवणं. बोलायला सरपंच, संघर्ष समितीचा कार्यकर्ता, मच्छीमार सोसायटीचा चेअरमन, कधी आमदारही. विचारणारा पंचविशीतला पोरगा सरळ म्हणतो, ‘जमिनीच्या सर्व्हेला संमती कुणी दिली, ते नाव सांगा.’ रेडिओवर वाढलेल्या आमच्या कानांना हे ऐकताना अजूनही दचकायला होतं. आमच्या लेखी मुलाखत म्हणजे ‘आपण या क्षेत्राकडे कसे वळलात?’ आणि शेवटी ‘श्रोत्यांना काय संदेश द्याल?’ या दोहोंच्या मधे सरकार, पक्ष, जमीन, जात असलं काही येत नसे. ते का येत नसे, हा या टिपणाचा विषय. लोकांना बोलता येत नव्हतं म्हणून नव्हे. कोकणी माणसाच्या तोंडाला कुलूप कधीच नव्हतं. कुलूप माइकला होतं, आणि त्याला तारीखवार इतिहास आहे.

मुंबईचं नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झालं. ही तारीख कोकणातून पाहिली की वेगळी दिसते. त्याच वर्षी २० मार्चला महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता आणि २५ डिसेंबरला त्याच महाडात मनुस्मृती जाळली गेली. म्हणजे देशातल्या सामाजिक न्यायाच्या लढ्यातले दोन मोठे दिवस रायगड जिल्ह्यातल्या एका गावात, आणि त्यांच्या मधोमध, समुद्रमार्गे एका रात्रीच्या अंतरावर, रेडिओचा जन्म. दोघांची गाठ मात्र पडली नाही. केंद्र खासगी कंपनीचं, परवानाधारक श्रोते मोजके, भर संगीतावर. १९३० मध्ये कंपनी बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं. तेव्हापासून माइकचा मालक आणि ज्याला प्रश्न विचारायचा तो, हे दोघे एकच झाले. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांविरुद्ध, संप चालवला. १९३७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं. चरीच्या संपाचे पुढारी नारायण नागू पाटील यांना स्टुडिओत बसवून ‘खोती का नको?’ असं विचारायची कल्पनाच त्या व्यवस्थेत बसणारी नव्हती.

राजकारण रेडिओवर आलं ते चोरवाटेने. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ चालवला. जागा बदलत बदलत तो नोव्हेंबरपर्यंत टिकला. दुसरी गोष्ट तर आपल्या दारातली, आणि सिंधुदुर्गातल्या कितीतरी जणांना ती माहीत नसते. २५ नोव्हेंबर १९५५ पासून गोव्याच्या मुक्तीसाठी एक गुप्त रेडिओ केंद्र चालू झालं, ते आंबोलीच्या जंगलात. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघं ते चालवत. पोर्तुगीज आणि कोकणी भाषेत बातम्या, पोर्तुगीज सरकारच्या प्रचाराला उत्तरं, लोकांना धीर. पुढे केंद्र कॅसलरॉकला हललं आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत चालू राहिलं. आंबोलीचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला तिथे ट्रान्समीटर कोरडा ठेवणं म्हणजे काय हे सांगायला नको. लिबिया लोबो-सरदेसाई यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आंबोलीत धबधबा पाहायला येणाऱ्या गाड्यांची रांग नेहमीसारखीच होती.

ही दोन्ही केंद्रं एका बाजूची होती, प्रश्नोत्तरांची नव्हती. लढाईत तसंच असतं. प्रश्नाचा खरा मामला दिसतो तो बाबासाहेबांच्याच बाबतीत. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवर त्यांचं भाषण झालं. विषय: माझं व्यक्तिगत तत्त्वज्ञान. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे तर बुद्धाकडून घेतली, हे त्यांनी सांगितलं ते याच भाषणात. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, त्यांची मुलाखत झाली; गांधीजींविषयी थेट, कडक, आजही इंटरनेटवर वाद पेटवणारी. ती घेतली बीबीसीने. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचं ज्यांचं मूळ घर, त्या माणसाला आपल्या रेडिओने भाषण दिलं आणि परक्या रेडिओने प्रश्न विचारले. कोकणच काय, देशभरातल्या रेडिओ मुलाखतीची कहाणी या दोन ध्वनिमुद्रणांत सापडते. भाषणात वक्ता स्वतःला हवं ते बोलतो. मुलाखतीत समोरच्याला हवं ते बोलावं लागतं, आणि ते ‘समोरच्याला हवं’ कुणी ठरवायचं, यावरच सगळी माशी शिंकत होती.

जाता जाता एक योगायोग: ३ ऑक्टोबर ही आपल्या रेडिओची लाडकी तारीख दिसते. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ची, आणि पंतप्रधानांचं ‘मन की बात’ सुरू झालं तेही ३ ऑक्टोबर २०१४ ला. तिन्ही ठिकाणी उलट प्रश्न नाही.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस आकाशवाणीची आचारसंहिता लेखी झाली. त्यात मित्रराष्ट्रांवर टीका नको, न्यायालयाचा अवमान नको, अशा समजण्यासारख्या गोष्टी होत्याच. त्यांच्याच पंगतीत आणखी दोन पानं वाढलेली होती: कोणत्याही राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला नको, आणि केंद्र वा राज्य सरकारवर वैरभावाची टीका नको. वैरभाव कुठे सुरू होतो हे ठरवणार कार्यक्रम अधिकारी. आणि त्याची बदली ठरवणार दिल्ली. मग कोण कशाला विस्तवाशी खेळेल? चंदा समितीने १९६६ मध्ये स्वायत्तता द्या म्हणून सांगितलं होतं, ते तसंच राहिलं. आणीबाणीनंतर वर्गीज समिती आली, १९७८ मध्ये तिचाही अहवाल आला. आकाशवाणी-दूरदर्शनला स्वायत्त करणारा प्रसार भारतीचा कायदा झाला १९९० ला आणि अमलात आला १९९७ ला. म्हणजे नुसतं ‘करायला हवं’ ते ‘केलं’ यात एकतीस वर्षं. कोकण रेल्वेसुद्धा त्याआधी बांधायला घेऊन पुरी होत आली.

या काळात कोकणी घरात रेडिओ नव्हता असं नाही. गणपतीला येताना मुंबईकर चाकरमानी ट्रान्झिस्टर घेऊन यायचा. भोकाभोकांचं चामडी कव्हर, वर पट्टा, ओटीवरच्या खुंटीला टांगलेला. सेल उतरले की आजी ते उन्हात कौलावर ठेवायची, मग आणखी दोन दिवस बातम्यांपुरते चालायचे. गाणी बंद, कारण गाण्यांना सेल जास्त लागतो अशी तिची समजूत. खारं पाणी मध्यम लहरींना छान वाहून नेतं, म्हणून किनाऱ्यावर मुंबई स्पष्ट लागे, दक्षिणेकडे पणजी. पुण्याच्या प्रादेशिक बातम्या ऐकायच्या तर सह्याद्रीच्या आडून येणारी खरखर सोसायची. सत्तरच्या दशकात रत्नागिरी केंद्र आलं आणि भात, आंबा, मासळी, नमन, दशावतार हे आपल्या बोलीत ऐकू यायला लागलं. त्याचं ऋण मोठं आहे. ‘समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये’ या एका वाक्याने किती जीव वाचवले असतील ते कुणी मोजलेलं नाही.

पण गंमत बघा. याच किनाऱ्याने लोकसभेत पाठवले ते देशातले नावाजलेले प्रश्न विचारणारे. राजापूर मतदारसंघातून १९५७ ते १९७१ बॅरिस्टर नाथ पै, त्यांच्या निधनानंतर १९९१ पर्यंत मधू दंडवते. चौतीस वर्षं हा मतदारसंघ मंत्र्यांना उभं करून जाब विचारणाऱ्यांच्या पाठीशी उभा राहिला. त्यांचे सवाल-जवाब कळायचे ते मुंबईहून दुसऱ्या दिवशी येणाऱ्या पेपरातून, किंवा रात्रीच्या ‘संसद समीक्षे’त चार ओळींत, दुसऱ्याच कुणाच्या आवाजात. निवडणुकीत पक्षांना आकाशवाणीवर वेळ मिळायला लागला तो १९७७ पासून, पण तिथेही पुन्हा भाषणच. खरी उलटतपासणी ऐकायची तर रात्री शॉर्टवेव्हवर बीबीसी हिंदी. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिराबाई गेल्याची बातमी आकाशवाणीने संध्याकाळी दिली. बीबीसीने आधीच सांगून टाकली होती. आमच्या वाडीत त्या दिवसापासून ‘लंडनाक बघ काय सांगतंत’ ही म्हणच झाली.

आता माझ्या डोळ्यांसमोरचा एक प्रसंग. नव्वदीच्या दशकात आमच्या वाडीतले तात्या एका केंद्रावर मुलाखतीला गेले. सोबत म्हणून मी. तात्यांची रापण होती, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं. पर्ससीनवाले, म्हणजे यांत्रिक बोटीतून मोठं जाळं गोल टाकणारे, किनाऱ्याजवळ येऊन थव्यासकट मासळी ओढून नेतात, रापणीला कचरा उरतो, हे त्यांना सांगायचं होतं. आधीच पत्र आलं होतं: प्रश्न आणि उत्तरं लिहून आणा, आठ मिनिटं. तात्यांचं शिक्षण चौथी, लिहिलं मीच. तिथल्या अधिकाऱ्यांनी कागद वाचला. माणूस भला, चहा पाजला, पण हातात लाल पेन. ‘मत्स्य खातं झोपलंय’ खोडून ‘संबंधित यंत्रणेने लक्ष घालावं’ झालं. ट्रॉलरमालकांचा उल्लेख गेला. ‘पारंपरिक मच्छीमारांपुढील आव्हाने’ असा मथळा आला. मग जाड दरवाजा, भिंतीला भोकांचे फळे, टेबलावर हिरवं कापड. लाल दिवा लागला आणि खोलीतली हवाच थांबल्यासारखी झाली. तात्या वल्हं मारावं तसे एकेक शब्द वाचत गेले. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘सगळां तुमीच लिवलास, मगे माका कित्याक बोलावलास?’ मानधनाचा चेक आला तो वटवायला त्यांच्या नावाचं खातं नव्हतं. सोसायटीतून महिनाभर खटपट केली.

त्या अधिकाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांनी पेन चालवलं नसतं तर दुसऱ्या कुणी चालवलं असतं, आणि तात्यांची आठ मिनिटंही गेली असती. शिवाय केंद्राच्या त्याच स्टुडिओत फोन-इन सुरू झाले तेव्हा हेच लोक सगळ्यात खूश होते. फोन-इनमध्ये श्रोता काय विचारेल ते लिहून आणता येत नाही. म्हणून बहुधा ते डॉक्टर, शेतीतज्ज्ञ आणि दहावीनंतर काय, एवढ्यावर थांबले.

९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय दिला. निमित्त क्रिकेटचं प्रक्षेपण, पण रेडिओवाल्यांना वाटलं आता दार उघडलं. उघडलंही, अर्धं. मुंबईत २००२ मध्ये खासगी एफएम वाहिन्या आल्या, त्यांना स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी. २००६ च्या नोव्हेंबरात सामुदायिक रेडिओचं धोरण स्वयंसेवी संस्थांना खुलं झालं, त्यातही बातम्या आणि राजकीय स्वरूपाच्या चालू घडामोडींना मज्जाव. पुढे सवलत मिळाली ती आकाशवाणीचीच बातमीपत्रं जशीच्या तशी ऐकवायची. म्हणजे छापील पेपरला जे चालतं, टीव्हीवर रात्री नऊला आरडाओरड करून जे चालतं, ते रेडिओला चालत नाही. याचं पटण्यासारखं कारण मी अजून कुणाकडून ऐकलेलं नाही. कोकणात त्यावर निसर्गाची भर: सामुदायिक केंद्राची ताकद कमी, एफएमच्या लहरी सरळ रेषेत जाणाऱ्या. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, अँटेना लावली तर खालच्या खोरीतल्या वाडीला आवाज नाही, खाडीकाठी लावली तर सड्याला नाही.

आणि नेमकी हीच तीस वर्षं कोकणात प्रश्नांची होती. गुहागरजवळ एन्रॉनचा करार, रद्द, पुन्हा करार, अखेर २००१ मध्ये वीजनिर्मिती बंद. माडबनला ९,९०० मेगावॉटचा जैतापूर प्रकल्प; १८ एप्रिल २०११ च्या गोळीबारात एक मच्छीमार गेला. पश्चिम घाटावरचा गाडगीळ समितीचा अहवाल त्याच वर्षीचा. नाणारची रिफायनरी २०१७ ला अधिसूचित आणि मार्च २०१९ ला रद्द. मग बारसू, जिथे एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाविरुद्ध बायका कातळावर उन्हात आडव्या झाल्या. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल तर बोलायलाच नको. यातल्या प्रत्येक विषयावर तासभराच्या मुलाखती व्हायला हव्या होत्या, कंपनीच्या अधिकाऱ्याच्या, तहसीलदाराच्या, कूळ म्हणून सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईच्या. त्यातलं जेवढं विचारलं गेलं ते स्थानिक पत्रकारांनी छापील कागदावर विचारलं, आणि ते स्वस्त नव्हतं. रिफायनरी परिसरातल्या जमिनींच्या व्यवहारांवर लिहिणारे राजापूरचे शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीवर ६ फेब्रुवारी २०२३ ला गाडी घातली गेली. दुसऱ्या दिवशी ते गेले. खुनाचा गुन्हा नोंदवला गेला.

खळ्यातल्या खुर्च्या आल्या त्या या सगळ्यानंतर. मोबाइलवरच्या आवाजाला रेडिओचा परवाना लागत नाही. केंद्राने २५ फेब्रुवारी २०२१ ला डिजिटल माध्यमांसाठी नियम आणले. त्यातल्या आचारसंहिता बंधनकारक करणाऱ्या कलमाला मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी अंतरिम स्थगिती दिली.

आमच्याकडच्या त्या पोराला या तारखा ठाऊक नाहीत आणि त्याचं त्यावाचून अडत नाही. परवा तो एका पुढाऱ्याच्या मुलाखतीसाठी खटपट करत होता. पुढाऱ्याच्या पीएचा व्हॉट्सअॅपवर निरोप आला, तो त्याने मला दाखवला: ‘साहेब तयार आहेत. प्रश्न आधी पाठवा.’ त्याने अजून पाठवलेले नाहीत.