दुःख पाहून हळवे होणे आणि कळवळा येणे

आजारी माणसाच्या खाटेजवळ दोघे जण बसले आहेत. एकाचे डोळे सारखे भरून येतात, त्याला धड बोलवत नाही आणि शेवटी रोग्यालाच त्याची समजूत काढावी लागते. दुसरा फारसे काही बोलत नाही. पाण्याच्या पेल्यापर्यंत रोग्याचा हात पोहोचत नाही हे ध्यानात येताच तो उठतो आणि पेला अलीकडे सरकवतो. पाहणाऱ्याला पहिलाच अधिक दयाळू वाटतो, आणि हळवेपणा व करुणा यांची गल्लत होते ती इथेच.

दोन्हींचा उगम एकच असतो: दुसऱ्याची वेदना पाहून आपल्याही पोटात कालवते. त्यानंतर लक्ष कोणाकडे वळते, यावर सारे अवलंबून असते. हळव्या माणसाला स्वतःला होणारा त्रास जाणवू लागतो, आणि तो थांबवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे तोंड फिरवणे. कळवळा आलेल्याचे लक्ष मात्र समोरच्यावरून हलत नाही.

हा फरक अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसन यांनी 1981 मध्ये प्रयोगाने दाखवला. एका तरुणीला विजेचे झटके बसताना सहभागी व्यक्ती पाहत असत (झटके खोटे होते, हे त्यांना ठाऊक नव्हते), आणि तिची जागा आपण घ्यावी का, हे त्यांना ठरवायचे होते. ज्यांच्यात केवळ अस्वस्थता होती, त्यांना उठून जाण्याची मुभा मिळताच त्यांच्यातील बहुतेकांनी ती घेतली. ज्यांना तिच्याविषयी कळवळा होता, ते निघून जाणे सोपे असतानाही तिच्या जागी बसायला तयार झाले.

याहून अस्वस्थ करणारा पुरावा स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या येल विद्यापीठातील प्रयोगात सापडतो, आणि माझ्या मते त्याची चर्चा होताना नेमका हाच भाग मागे पडतो. 1963 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात 40 पैकी 26 जणांनी, प्रयोगकर्त्याच्या सांगण्यावरून, पलीकडच्या खोलीतील माणसाला 450 व्होल्टपर्यंतचे झटके दिले, निदान आपण ते देत आहोत अशी त्यांची समजूत होती. ही माणसे दगडाच्या काळजाची नव्हती. त्यांना दरदरून घाम फुटत होता, ती थरथरत होती, ओठ चावत होती, काहींना तर अवेळी हसू फुटत होते. इतकी तगमग होऊनही हात पुढची कळ दाबतच राहिला, याचा अर्थ असा की तगमग हा क्रौर्याला आवर घालणारा लगाम नव्हे. शिवाय मुद्दाम छळ करणाऱ्याला तर समोरच्याचे दुःख आपल्यापेक्षा अधिक बारकाईने कळते. कुठे टोचले म्हणजे सर्वांत जास्त दुखेल, हे ठाऊक असल्याशिवाय त्याचे काम चालतच नाही.

ही सूक्ष्मता आधुनिक प्रयोगशाळांच्या फार आधी ओळखली गेली होती. पाचव्या शतकात बुद्धघोष या बौद्ध आचार्याने ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात करुणेचे दोन शत्रू सांगितले. दूरचा शत्रू हिंसा. तो उघड दिसतो, म्हणून त्याच्या बाबतीत फसगत होत नाही. जवळचा शत्रू म्हणजे मनाची खिन्नता, आणि ती करुणेच्याच वेशात येते.

रोज दुःखितांची सेवा करणाऱ्यांना जो शीण येतो, त्याला ‘करुणेचा थकवा’ म्हणण्याचा प्रघात आहे. टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या संशोधकांना मात्र हे नावच चुकीचे वाटते. त्यांच्या प्रयोगात दुःखाची दृश्ये पाहताना, इतरांच्या वेदनेशी समरस होण्याचा सराव केलेल्यांच्या मनातील क्लेश वाढले. पुढे करुणेचा सराव केल्यावर ते पुन्हा ओसरले आणि त्याबरोबर आपुलकीची ऊबही वाढली. त्यांच्या मते थकवा येतो तो दुसऱ्याच्या वेदनेत स्वतः बुडाल्यामुळे, करुणेमुळे नव्हे.