पार्श्वभूमी : तरुण संशोधकांना लोकांशी बोलायला कसं शिकवलं जाऊ लागलं

विज्ञानावरची जाहीर व्याख्यानं जुनीच. लंडनमध्ये तरुण श्रोत्यांसाठीची नाताळची व्याख्यानमाला १८२५मध्ये सुरू झाली. पण तिथे बोलायचे ते नाव कमावलेले शास्त्रज्ञ. त्यांच्यापैकी विजेवर काम करणाऱ्या एकाने तर वक्तृत्वाची रीतसर शिकवणी लावली होती. नुकतंच संशोधन करू लागलेल्या विद्यार्थ्याला हे शिकवणं ही संस्थेची जबाबदारी आहे, हा विचार रुजायला मात्र पुढे दीडशे वर्षं लागली. सत्तरच्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात दहा आठवडे वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत बातम्या लिहायला पाठवण्याची पाठ्यवृत्ती सुरू झाली. या क्षेत्रातल्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी आजही टिकलेला हा एक.

धोरणाच्या पातळीवर मोठी हालचाल झाली ती १९८५मध्ये, ब्रिटनमधल्या एका समितीच्या अहवालामुळे. लोकांशी बोलणं हे शास्त्रज्ञांचं कर्तव्य आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. प्रशिक्षण, बक्षिसं, अनुदानं यांची सुरुवात तिथून झाली. त्यामागचं गृहीतक साधं होतं : लोकांना माहिती कमी आहे, ती दिली की विज्ञानावरचा विश्वास वाढेल.

ते गृहीतक दहा-पंधरा वर्षांतच डळमळलं. गोमांस खायला सुरक्षित आहे असं सरकार वर्षानुवर्षं सांगत आलं होतं. मार्च १९९६मध्ये त्याच सरकारला गायींच्या मेंदूच्या रोगाचा माणसांतल्या जीवघेण्या आजाराशी संबंध असण्याची शक्यता मान्य करावी लागली. पाठोपाठ जनुकीय बदल केलेल्या पिकांवरून वाद पेटला. इथे लोकांना माहिती कमी पडली नव्हती. आपल्या शंका कुणी ऐकूनच घेत नाही, हे त्यांचं दुखणं होतं. २०००मध्ये ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या समितीने हे जवळपास मान्य केलं आणि एकतर्फी सांगण्याऐवजी संवादाची शिफारस केली.

प्रयोगशाळांतलं वातावरण तोवर फारसं बदललेलं नव्हतं. दूरचित्रवाणीमुळे घराघरांत पोचलेल्या एका अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाला तिथल्या सर्वोच्च विज्ञान अकादमीने १९९२मध्ये सदस्यत्व नाकारलं. लोकप्रिय झालात तर सहकारी तुम्हाला उथळ समजतील, ही भीती त्यातून आणखी पक्की झाली. २००६मध्ये ब्रिटनमध्ये १,४८५ शास्त्रज्ञांची पाहणी झाली. संशोधनाला वेळ द्यावा लागतो म्हणून लोकांकडे वळता येत नाही, असं त्यातल्या ६४ टक्के लोकांनी सांगितलं, आणि बहुतेकांना याचं कोणतंही प्रशिक्षण मिळालेलं नव्हतं. मोठ्यांचीच ही स्थिती, तर मार्गदर्शकाच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने पुढे यावं ही अपेक्षा अवास्तवच होती. फ्रान्समधल्या संशोधकांच्या नोंदी तपासून २००८मध्ये आलेल्या अभ्यासाने या भीतीला चोख उत्तर दिलं. लोकांमध्ये मिसळणारे संशोधक शास्त्रीय कामातही सरासरीपेक्षा पुढे होते. त्या अभ्यासाला मिळायला हवी होती तेवढी प्रसिद्धी मिळाली नाही.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ‘थ्री मिनिट थीसिस’ ही स्पर्धा सुरू झाली आणि या विषयाचा आजचा चेहरा ठरला. तेव्हा त्या राज्यात तीव्र दुष्काळ होता. पाणी वाचावं म्हणून लोकांनी अंघोळ तीन मिनिटांत उरकावी, यासाठी न्हाणीघरात छोटी वाळूची घड्याळं लावली जात. तिथल्या विद्यापीठातल्या एका अधिष्ठात्यांनी तेच माप प्रबंधाला लावलं. ऐंशी हजार शब्दांचा प्रबंध वाचून दाखवायला नऊ तास लागतील. तो तीन मिनिटांत, एकाच स्थिर स्लाइडवर, कोणतंही साहित्य न वापरता सांगायचा. वेळ ओलांडली की स्पर्धक बाद. पहिल्या वर्षी १६० विद्यार्थी उतरले. आज ऐंशीहून जास्त देशांतली विद्यापीठं ही स्पर्धा घेतात.

तीन मिनिटांच्या या मर्यादेवरून अजूनही वाद आहे आणि तो वरवरचा नाही. बाजू घेणारे म्हणतात, वेळ कमी असला की विद्यार्थ्याला आपल्या कामाचा गाभा शोधावाच लागतो. मार्गदर्शकालाही त्यातून कामाकडे नव्याने पाहता येतं. हे खरं आहे, आणि स्पर्धा एवढी पसरली ती उगाच नाही. विरोधकांचा आक्षेप असा की पहिला बळी अनिश्चिततेचा जातो. ‘आमच्या प्रयोगात असं दिसलं, पण नमुना लहान होता’ हे वाक्य तीन मिनिटांत मावत नाही, ‘यातून कर्करोगावर उपचार सापडू शकेल’ हे मावतं. आयोजकांना याची जाणीव आहे. विषय क्षुल्लक करून मांडलेला नाही ना, हे परीक्षकांनी पाहावं असं निकषांतच आहे. पण निकष लावणारे परीक्षक त्या विषयातले नसतात, आणि तसं मुद्दामच ठरवलेलं असतं. मग अतिशयोक्ती ओळखायची कोणी?

त्याहून मोठी उणीव प्रश्नोत्तरांची आहे. स्पर्धेच्या नियमांत श्रोत्यांच्या प्रश्नांना जागाच नाही. २०००मध्ये ज्या एकतर्फी पद्धतीवर बोट ठेवलं गेलं, तीच पुढे जगभरच्या प्रशिक्षणाचा साचा झाली, याकडे धोरण आखणाऱ्यांचं फारसं लक्ष गेलेलं दिसत नाही. २००५मध्ये इंग्लंडमधल्या चेल्टनम इथे सुरू झालेली ‘फेमलॅब’ स्पर्धाही तीन मिनिटांचीच, तीही स्लाइडशिवाय. पण तिथे भाषणानंतर परीक्षक प्रश्न विचारतात. हा फरक छोटा वाटला तरी तयारी पूर्ण बदलते, कारण पाठ केलेलं भाषण तिथे पुरत नाही.

दरम्यान पैशांचं गणितही बदललं. अमेरिकेतल्या सरकारी अनुदान संस्थेने १९९७मध्ये समाजावरचा परिणाम हा प्रस्तावांचा दुसरा निकष केला. ब्रिटनने विद्यापीठांच्या २०१४च्या मूल्यमापनात अशा परिणामाला २० टक्के वजन दिलं, पुढच्या फेरीत २५. भारतात २०१८मध्ये पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी आणि पीएचडीनंतर संशोधन करणाऱ्यांनी आपल्या कामावर सोप्या भाषेत लेख लिहावेत म्हणून सरकारी स्पर्धा सुरू झाली. पहिलं बक्षीस एक लाख रुपयांचं होतं. लिहिण्याला दिलेलं हे महत्त्व स्वागतार्ह आहे. लेखात मर्यादा नोंदवायला एक परिच्छेद तरी मिळतो.

विद्यार्थ्यांनी स्वतः उभे केलेले प्रयत्नही आहेत. अमेरिकेत २०१३पासून पीएचडीचे विद्यार्थीच एकमेकांसाठी लेखनाच्या कार्यशाळा भरवतात आणि एकमेकांचे मसुदे दुरुस्त करतात. ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या एका ऑनलाइन उपक्रमात तर शाळकरी मुलं संशोधकांना थेट प्रश्न विचारतात आणि विजेता मुलंच मतदानाने ठरवतात. तिथे तयार भाषण लागतच नाही. पगार किती, प्राण्यांवर प्रयोग का करता, तुमचं काम फसलं तर काय, असं काहीही मुलं विचारू शकतात आणि संशोधकाला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं.