लॅक्स्टन

लॅक्स्टन : इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशर परगण्यातील एक लहान शेतकरी गाव. मध्ययुगातील खुल्या शेतांची पद्धत आणि ती चालवणारे गावचे न्यायालय, दोन्ही इथे आजही चालू आहेत. या दोन गोष्टी एकत्र टिकलेले इंग्लंडमध्ये दुसरे गाव दाखवता येत नाही.

गाव परगण्याच्या मध्यभागी, ऑलर्टन आणि टक्सफर्ड या दोन छोट्या बाजारगावांच्या दरम्यान आहे. पश्चिमेला शेरवूडचे जुने अरण्य. माती लालसर, जड आणि चिकण असल्याने पाण्याचा निचरा सावकाश होतो. बहुतेक घरे लाल विटांची असून त्यांच्या मागे परसाच्या लांब, अरुंद पट्ट्या जातात. इंग्लंडमध्ये इतरत्र शेतकऱ्याचे घर गावापासून दूर, त्याच्या शेतात एकटे उभे दिसते. लॅक्स्टनमध्ये गोठे, कोठारे आणि घरे गावच्या रस्त्यालाच चिकटून आहेत. महाराष्ट्रातल्या वाचकाला यात काही नवल वाटणार नाही, कारण गावठाणात राहायचे आणि रोज शिवारात जायचे ही रीत त्याच्या ओळखीची आहे.

शिवारात साउथ फील्ड, मिल फील्ड आणि वेस्ट फील्ड अशी तीन मोठी शेते आहेत. तिघांचे मिळून क्षेत्र सुमारे ४८० एकर भरते. आत कुंपण नाही की झुडपांची वई नाही. प्रत्येक शेत लांबट पट्ट्यांत वाटलेले असून एका शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही शेतांत विखुरलेले असतात. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक, तिसरे पडीक, आणि दरवर्षी पाळी पुढे सरकते. पडीक शेतात आता बहुधा चारापिके घेतात. जमिनीचे तुकडे असे विखुरलेले ठेवणे अडाणीपणाचे वाटेल. आपल्याकडे तर १९४७ मध्ये याविरुद्ध तुकडेबंदीचा कायदा झाला. पण तीन शेतांच्या फेरपालटीत एखाद्याची सगळी जमीन एकाच शेतात असती, तर तिसऱ्या वर्षी त्याच्या घरात दाणा आला नसता. शिवाय चांगली-वाईट माती सगळ्यांच्या वाट्याला येते. पट्ट्याची लांबी बैलांवरून ठरली : जड नांगराला बैलांच्या अनेक जोड्या जुंपत आणि एवढा लवाजमा पुन्हापुन्हा वळवणे अवघड, म्हणून नांगराचे तास लांबच लांब.

नांगर घालता येत नाही असे ओलसर, उताराचे भाग गवतासाठी सोडलेले आहेत. त्यांना ‘साइक’ म्हणतात. त्यांवर कधीच नांगर फिरला नसल्याने जुन्या कुरणांतली रानफुले तिथे टिकून आहेत. साइकांवरच्या गवताचा दर उन्हाळ्यात लिलाव होतो.

१०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंड जिंकलेल्या नॉर्मन राजाने करवून घेतलेल्या जमिनीच्या नोंदवहीत, गावाची नोंद आहे. तेव्हा ते जेफ्री आल्सेलिन या नॉर्मन सरदाराकडे होते. गावाच्या उत्तरेला नॉर्मन किल्ल्याची मातीची टेकडी आणि भोवतीचे खंदक शिल्लक आहेत, वरचे बांधकाम गेले. इथले धनी काही पिढ्या शेरवूड अरण्याचे वंशपरंपरागत रखवालदार होते. त्यांपैकी एव्हरिंगहॅम घराण्याच्या समाधिमूर्ती सेंट मायकेल चर्चमध्ये आहेत. त्यांतली एका स्त्रीची मूर्ती लाकडाची आहे, आणि मध्ययुगीन लाकडी समाधिमूर्ती इंग्लंडमध्ये विरळाच.

गावाची खरी संपत्ती मात्र एक नकाशा आहे. १६३५ मध्ये तेव्हाचे जमीनमालक सर विल्यम कोर्टेन यांच्यासाठी मार्क पिअर्स या मोजणीदाराने तो काढला. आता तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. एकूण एक पट्टा त्यात आखलेला असून पट्टा कोणाकडे, याची यादी सोबत आहे. मोजणीदाराने मोकळ्या जागांत नांगरणारी, कापणी करणारी, शिकार करणारी इवली माणसेही रेखली आहेत. हा नकाशा पाहताना एक भलताच धागा हाताला लागतो. कोर्टेन लंडनचे बडे व्यापारी. त्याच १६३५ साली पहिल्या चार्ल्स राजाने ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता डावलून त्यांच्या मंडळाला पूर्वेकडे व्यापाराचा परवाना दिला. मंडळाची गलबते १६३६ मध्ये गोव्याला लागली आणि पुढे राजापूर, कारवार इथे त्याच्या वखारी निघाल्या. कोर्टेन स्वतः १६३६ मध्येच वारले.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत संसदेने हजारो कायदे करून देशातली खुली शेते बंदिस्त केली : पट्टे एकत्र केले, कुंपणे घातली, सामाईक गवतरानावरचे हक्क संपवले. अनेक गरीब कुटुंबे त्यात उखडली गेली. लॅक्स्टनही काही प्रमाणात बंदिस्त झाले, पण पुरते नाही. इथली जमीन मुख्यतः अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो या दोघांची, आणि त्यांचे आपसांत जमेना. ते जमेपर्यंत शेतीला मंदीने गाठले आणि कुंपणावर पैसा घालण्यात कोणाला रस उरला नाही. परंपरेचा अभिमान वगैरे गोष्टी नंतर आल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅनव्हर्स इस्टेटीने पट्टे एकमेकांत मिळवून त्यांची संख्या बरीच कमी केली, म्हणून आजचे पट्टे नकाशातल्यापेक्षा पुष्कळ रुंद आहेत. १९५२ मध्ये गाव कृषी मंत्रालयाने विकत घेतले, १९८१ मध्ये ते राजसत्तेच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेले, आणि २०२० मध्ये मॅनव्हर्सच्या वारसांच्या थोर्सबी इस्टेटीने परत घेतले.

मालक बदलले तरी शिवाराचा कारभार ‘कोर्ट लीट’ हे गावचे न्यायालयच पाहते. नोव्हेंबरच्या अखेरीस शेतकऱ्यांतूनच नेमलेली ज्यूरी नव्याने पेरलेल्या गव्हाच्या शेतात फिरते. चिखल तुडवत, पट्ट्यांच्या टोकांना खुंट्या ठोकत, कोणी साइकात किंवा सामाईक रस्त्यात नांगर घुसवला आहे का ते पाहिले जाते. गव्हाची पाळी दर तीन वर्षांनी येत असल्याने प्रत्येक शेताची तपासणीही तेवढ्याच अवधीने होते. मग जेवण. आठवडाभराने डव्हकोट इन या पबमध्ये इस्टेटीच्या कारभाऱ्यासमोर कोर्ट भरते, नव्या ज्यूरीला शपथ देतात, अतिक्रमण करणाऱ्यांची नावे वाचतात आणि दंड ठोठावतात. रक्कम फुटकळ असते. पण शेजाऱ्यांसमोर, ओळखीच्या पबमध्ये आपले नाव वाचले जाणे कोणाला आवडेल? बांध कोरण्याचे खटले ज्यांनी तालुक्याच्या कोर्टात वर्षानुवर्षे चालताना पाहिले आहेत, त्यांना या झटपट निकालाचा हेवा वाटावा. १९७७ च्या कायद्याने देशभरच्या अशा जुन्या न्यायालयांचे अधिकार काढून घेतले. लॅक्स्टनला त्यातून वगळले, कारण इथे कोर्टाला अजून खरोखरचे काम होते.

पूर्वी मोकाट जनावरे पकडून कोंडवाड्यात घालणारा ‘पिंडर’ हा गावकामगारही कोर्टच नेमत असे. त्या कोंडवाड्याची भिंत दुरुस्त करून जपली आहे.

शेती मात्र पोटापाण्याचीच आहे. शेतकरी इस्टेटीची कुळे आहेत आणि खुल्या शेतातल्या पट्ट्यांखेरीज त्यांच्याकडे कुंपणाची जमीनही असते. पट्ट्यांवर आजच्या यंत्रांनी काम करणे गैरसोयीचे पडते.