कार्य समिती

कार्य समिती : कामाच्या ठिकाणच्या सामाईक प्रश्नांवर मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून विचारविनिमय करावा, यासाठी भारतीय कामगार कायद्याने योजलेली द्विपक्षीय समिती. कारखान्यांत तिला ‘वर्क्स कमिटी’च म्हणतात. भारतातील कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात तिची शिफारस केली होती. कायद्याचे अधिष्ठान तिला औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ३ ने मिळाले. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत ती स्थापण्याचा आदेश शासन देऊ शकते, आणि तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींहून कमी असता कामा नयेत.

संख्येची ही बरोबरी अध्यक्षपदाला मात्र लागू नाही. १९५७ च्या केंद्रीय नियमांनुसार अध्यक्ष मालक नेमतो आणि उपाध्यक्ष कामगार प्रतिनिधी आपल्यातून निवडतात. तीन महिन्यांतून निदान एक बैठक व्हावी लागते, आणि बैठकीला बसलेला कामगार कामावरच आहे असे धरले जाते. ही तरतूद दिसायला किरकोळ आहे, पण तिच्याशिवाय पाळी बुडवून, पगार कापून घेऊन बैठकीला कोणी फिरकले नसते.

समितीने काय बोलावे आणि काय नाही, याची नमुना यादी शासन, मालक आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय भारतीय श्रम परिषदेत १९५९ मध्ये मान्य झाली. पिण्याचे पाणी, कँटीन, पाळणाघर, उजेड व वायुवीजन, अपघात टाळण्याचे उपाय हे विषय आत. वेतन, बोनस, कामगारकपात आणि भविष्यनिर्वाह निधी बाहेर. रेषा कधीकधी फार बारीक असते : सणाची सुट्टी कोणत्या दिवसाशी बदलून घ्यायची हे समितीत ठरू शकते, वर्षाला सणाच्या सुट्ट्या किती हे नाही. बाहेर ठेवलेले विषय कामगार संघटनेच्या वाटाघाटीचे आहेत. नॉर्थब्रुक ज्यूट कंपनीच्या खटल्यात (१९६०) समितीने सुसूत्रीकरणाच्या (कामाची फेररचना करून मनुष्यबळ व खर्च वाचवण्याच्या) योजनेला होकार दिला होता. तो कामगारांवर बंधनकारक नाही, कारण समिती संघटनेची जागा घेऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले.

व्यवस्थापनातील कामगारसहभागाचे तत्त्व ४२ व्या घटनादुरुस्तीने (१९७६) अनुच्छेद ४३-क म्हणून राज्यघटनेत आले, पण ते मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने त्याच्या बळावर न्यायालयात दाद मागता येत नाही. १९४७ च्या अधिनियमाच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये कार्य समितीसाठी शंभराची अट कायम आहे. वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत तक्रार निवारण समितीही आवश्यक आहे. कामाच्या पाळ्या किंवा वेतन बदलण्यापूर्वी मालकाने एकवीस दिवसांची नोटीस देण्याची तरतूदही संहितेत आहे. मात्र नोटीस म्हणजे नुसती पूर्वसूचना, तिच्यात कामगाराचे मत विचारलेले नसते.