फॅक्टरी रीसेट (मोबाइल व टॅबलेट)

फॅक्टरी रीसेट : मोबाइल किंवा टॅबलेटमधील वापरकर्त्याची माहिती, ॲपे व सेटिंग पुसून उपकरण कारखान्यातून निघाले तेव्हाच्या स्थितीत आणण्याची क्रिया. सतत हँग होणारा, आपोआप बंद-चालू होणारा किंवा पॅटर्न विसरल्यामुळे अडकलेला सेट मार्गी लावण्याचा हा अखेरचा उपाय होय. दुकानांतून ‘फॉर्मॅट मारणे’ आणि ‘सॉफ्टवेअर टाकणे’ हे दोन्ही प्रयोग यासाठी सर्रास होत असले तरी क्रिया भिन्न आहेत. रीसेटमध्ये मूळ प्रणालीला हात लागत नाही, फक्त वापरकर्त्याचा विभाग रिकामा होतो. ‘सॉफ्टवेअर टाकणे’ म्हणजे फ्लॅशिंग; त्यात संगणकाला जोडून प्रणालीच नव्याने लिहिली जाते.

पूर्वपीठिका : या क्रियेचे मूळ दोन ठिकाणी दाखवता येते. एक धागा वैयक्तिक संगणकाकडे जातो. आय.बी.एम.च्या १९८१ च्या संगणकात कंट्रोल, आल्ट व डिलीट ही बटणे एकत्र दाबून यंत्र पुन्हा सुरू करण्याची सोय होती. दुसरा धागा १९९६ मध्ये बाजारात आलेल्या पाम पायलट या खिशातल्या उपकरणाकडे जातो. त्याच्या पाठीवर एक बारीक भोक होते. त्यात टाचणीसारखे काही घालून दाबले की यंत्र पुन्हा सुरू होई आणि माहिती शाबूत राही. तीच क्रिया पॉवरचे बटण दाबून धरून केली, तर सगळी माहिती पुसायची का, असा प्रश्न पडद्यावर येई. दुसरा धागा अधिक जवळचा वाटतो. संगणकातील त्या बटणांनी फक्त यंत्र पुन्हा सुरू होई, साठवलेले काही जात नसे. सौम्य व कठोर अशा दोन पायऱ्या आणि कठोर पायरीपूर्वी घेतलेली संमती पाममध्ये स्पष्ट दिसते. शिवाय पामची प्रणाली रॉममध्ये (केवळ वाचण्याजोग्या स्मृतीत) आणि वापरकर्त्याची माहिती रॅममध्ये (वीज असेतोवरच टिकणाऱ्या स्मृतीत), अशी विभागणी होती. आजच्या अँड्रॉइडमध्येही प्रणालीचा विभाग केवळ वाचण्याजोगा आणि वापरकर्त्याचा विभाग वेगळा असतो. रीसेट शक्य होतो तो या विभागणीमुळेच. पुढे नोकियाच्या सिम्बियन प्रणालीवरील फोनांत *#७७८०# या संकेताने फक्त सेटिंग मूळपदावर येत, तर *#७३७०# ने सगळाच फोन पुसला जाई.

पायऱ्या : बहुतेक बिघाडांना रीसेटची गरजच नसते. रॅममध्ये अडकून पडलेले काम वीज तुटताच नाहीसे होते, म्हणून प्रथम सक्तीचा रीस्टार्ट करावा; त्यात माहिती जात नाही. आयफोन ८ व त्यापुढील फोनांत आवाज वाढवण्याचे बटण दाबून सोडावे, मग कमी करण्याचे दाबून सोडावे आणि सफरचंदाचे चिन्ह येईपर्यंत बाजूचे बटण धरून ठेवावे. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत पॉवर व आवाज कमी करण्याचे बटण सातेक सेकंद एकत्र धरावे लागते. त्यानंतर सेफ मोड. त्यात बाहेरून घेतलेली ॲपे बंद राहतात. फोन तेव्हा सुरळीत चालला, तर दोष बहुधा अलीकडे घेतलेल्या एखाद्या ॲपात असतो आणि ते काढले की काम भागते. अपडेट फसल्यामुळे होणारा बिघाड अँड्रॉइड ७ (२०१६) नंतर कमी झाला, कारण अनेक सेटांत प्रणालीच्या दोन प्रती ठेवण्याची सोय आली व नवी फसली तर जुनीवर परतता येऊ लागले. अँड्रॉइड ८ (२०१७) पासून फोन वारंवार कोसळतो आहे हे प्रणाली स्वतःच ओळखते, टप्प्याटप्प्याने उपाय करते आणि काहीच न चालल्यास रीसेट सुचवते.

पडदा उघडतच नसेल तेव्हा रीसेट रिकव्हरी मोडमधून, म्हणजे नेहमीची प्रणाली सुरू न करता उघडणाऱ्या दुरुस्तीच्या यादीतून करतात. काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळींची यादी येते. स्पर्श तेथे सहसा चालत नाही. आवाजाच्या बटणांनी ओळ खाली-वर करावी लागते आणि पॉवरच्या बटणाने निवडावी लागते. काही फोनांत त्याआधी पोट उघडून आडवा पडलेला रोबो व लाल त्रिकोण दिसतो. फोन गेला असे समजून लोक इथेच घाबरतात. प्रत्यक्षात पॉवर धरून आवाज वाढवण्याचे बटण एकदा दाबले की यादी उघडते. यादीत कॅशे (तात्पुरती साठवलेली माहिती) पुसणे आणि डेटा पुसणे या ओळी जवळजवळ असतात. पहिलीने फोटो, संपर्क जात नाहीत. दुसरीने सगळे जाते.

माहिती खरोखर पुसली जाते काय : हा या विषयातील सर्वांत वादाचा मुद्दा होय. फ्लॅश प्रकारच्या साठवणीत चिपची झीज सर्वत्र सारखी व्हावी म्हणून साठवणीचा कारभार पाहणारा नियंत्रक मजकूर जागा बदलून लिहितो. त्यामुळे पुसलेला मजकूर प्रत्यक्षात काही काळ चिपवर राहू शकतो. केंब्रिज विद्यापीठातील लॉरेंट सायमन व रॉस अँडरसन यांनी २०१५ मध्ये ५ कंपन्यांचे २१ वापरलेले फोन तपासले. त्यांत अँड्रॉइड २.३ ते ४.३ या आवृत्त्या होत्या. रीसेटनंतरही अनेक फोनांतून जुनी माहिती परत मिळाली, आणि योग्य रीतीने न पुसली जाणारी उपकरणे ५० कोटींपर्यंत असावीत, असा अंदाज त्यांनी मांडला. पूर्ण साठवण कूटबद्ध (किल्लीरूपी संकेताशिवाय वाचता न येणारी) असली तरी किल्लीची फाइल मागे राहिल्यास धोका टळत नाही, हेही त्यांनी दाखवले. यावरून रीसेट निरुपयोगी असल्याचा निष्कर्ष आजही काढला जातो.

दुसरे मत असे, की मजकूर कूटबद्ध असेल तर तो चिपवरून खरवडून काढण्याची आवश्यकता नाही. तो उलगडणारी किल्ली नष्ट झाली म्हणजे पुरे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१४ च्या सुधारित मार्गदर्शिकेत ही पद्धत काही अटींवर ग्राह्य धरली आहे. आयफोनमध्ये ३जीएस (२००९) पासून साठवण यंत्रपातळीवर कूटबद्ध असते आणि ‘सगळे पुसा’ म्हटल्यावर मुख्यतः किल्ल्याच पुसल्या जातात. एवढा मोठा फोन थोडक्या वेळात रिकामा होतो तो म्हणूनच. अँड्रॉइडमध्ये फाइलनिहाय कूटबद्धता ७ व्या आवृत्तीत आली व १० व्या आवृत्तीपासून नव्या उपकरणांना सक्तीची झाली. त्यामुळे केंब्रिजचे निष्कर्ष त्या काळच्या फोनांपुरते घ्यावेत आणि अलीकडील उपकरणांसाठी दुसरे मत मान्य करावे, हे सयुक्तिक दिसते. याची दुसरी बाजू फारच कठोर आहे. नव्या फोनातून रीसेटनंतर फोटो परत आणून देतो असे कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. बॅकअप नसेल तर ते फोटो गेलेच. मेमरी कार्ड मात्र वेगळे असते व रीसेटने ते आपोआप पुसले जात नाही.

कुलूप व खाते : चोरीला आळा बसावा म्हणून ॲपलने आयओएस ७ मध्ये (२०१३) आणि गूगलने अँड्रॉइड ५.१ मध्ये (२०१५) खात्याशी जोडलेले कुलूप आणले. रिकव्हरीतून रीसेट केलेला अँड्रॉइड फोन सुरू होताच आधीचे गूगल खाते किंवा आधीचा पडदा-संकेत मागतो. कुलूप उघडून सेटिंगमधून रीतसर रीसेट केल्यास ही अडचण येत नाही. जुना फोन घेताना विकणाऱ्याच्या समोर खाते काढून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे. १५ अंकी आयएमईआय (फोनचा स्वतंत्र ओळखक्रमांक) रीसेटने बदलत नाही. तो *#०६# ने पाहता येतो आणि बिलासोबत लिहून ठेवावा. हरवलेला फोन संचार साथी या सरकारी पोर्टलवरून बंद करवताना तोच लागतो.

इंदूरमधील व्यवहार : होळकरांच्या काळापासून मराठी वस्ती असलेल्या या शहरात मोबाइल दुरुस्तीचे मोठे केंद्र म्हणजे जेल रोड व तेथील डॉलर मार्केट, नॉव्हेल्टी मार्केट. रामबाग, लोकमान्य नगर अशा भागांतील मराठी कुटुंबेही सेट तेथेच नेतात. “डेटा उड़ जाएगा, चलेगा?” एवढा एकच प्रश्न काउंटरवर विचारला जातो आणि गर्दीत ‘हो’ म्हटले जाते. त्या ‘हो’मध्ये काय काय जाते, हे आधी सांगितले गेले पाहिजे : महालक्ष्म्यांचे फोटो, पुण्यात किंवा बंगळुरूला असलेल्या नातवंडांच्या चित्रफिती, मराठी कळफलकाने शिकलेली नावे. व्हॉट्सॲपचे संभाषण परत आणण्यास तोच नंबर व बॅकअपचे तेच गूगल खाते लागते. बॅकअपला वेगळा पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली लावली असेल तर तीही लागते. यूपीआयची नोंदणी त्याच सिमवरून पुन्हा करावी लागते. घरातील ज्येष्ठांच्या टॅबलेटवर गूगल खाते बहुधा मुलाने किंवा सुनेने उघडलेले असते व पासवर्ड कोणालाच आठवत नाही. दुकानात जाण्यापूर्वी तो शोधणे, हेच अर्धे काम.

मर्यादा : फुगलेली बॅटरी, चार्जिंगच्या खाचेतील ओल, तडकलेल्या पडद्यामुळे आपोआप होणारे स्पर्श हे दोष रीसेटने जात नाहीत. अनुभवी कारागीर म्हणूनच आधी बोर्डाला बाहेरून सुमारे ४ व्होल्ट वीज देऊन अँपिअरचा काटा पाहतो. पॉवरचे बटण दाबण्यापूर्वीच काटा हलला तर बोर्डावर कुठेतरी शॉर्ट आहे. भिजलेला फोन तांदळात ठेवू नये, असे ॲपलचे सांगणे आहे; तांदळाचे बारीक कण आत जाऊ शकतात. रीसेट पुरा होऊनही सेट पुन्हा त्याच जागी अडकत असल्यास साठवणीच्या चिपवर संशय घ्यावा व आणखी रीसेट न करता बोर्ड तपासून घ्यावा.