डीआरएम हेडर फाइलींचे अद्ययावतीकरण

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, ग्राफिक्स कार्डाचा कारभार डायरेक्ट रेंडरिंग मॅनेजर, म्हणजेच डीआरएम, ही उपप्रणाली पाहते. कर्नलबाहेर, युजरस्पेसमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामनी तिच्याकडे मागणी कशी करायची, हे कर्नलच्या सोर्समधील ‘इन्क्लूड/यूएपीआय/डीआरएम’ या फोल्डरातल्या हेडर फाइलींत, म्हणजे व्याख्यांच्या फाइलींत, लिहिलेले असते. या फाइलींची ताजी प्रत लिबडीआरएम (डीआरएमशी बोलणारी लायब्ररी), मेसा (ग्राफिक्सचे युजरस्पेस ड्रायव्हर), आयजीटी (चाचण्यांचा संच) अशा प्रकल्पांच्या सोर्समध्ये आणून ठेवणे म्हणजे हेडर अद्ययावत करणे. या क्षेत्रातले लोक त्याला ‘हेडर सिंक’ म्हणतात. वरवर पाहता हे काही फाइली कॉपी करण्याचे काम आहे. मात्र ग्राफिक्सचे जुने प्रोग्राम नव्या कर्नलवर आणि नवे प्रोग्राम जुन्या कर्नलवर चालत राहतात, त्यामागे या कामातली शिस्त आहे.

डीआरएमची घडण १९९९ च्या सुमारास प्रिसिजन इनसाइट या कंपनीत सुरू झाली. २००० साली आलेल्या एक्सफ्री८६ ४.० या डिस्प्ले सर्व्हरमध्ये तिचा वापर झाला. पुढे बराच काळ कर्नलचे ग्राफिक्स मॉड्यूल आणि लिबडीआरएम ही लायब्ररी एकाच रिपॉझिटरीत नांदत होती. कर्नलच्या अंतर्गत वापराचे हेडर आणि बाहेर देण्याचे हेडर यांची वाटणी २०१२ मध्ये, लिनक्स ३.७ च्या वेळी, डेव्हिड हॉवेल्स यांच्या पॅचमालिकेने झाली. ‘यूएपीआय’ फोल्डर तेव्हापासूनचे.

या फोल्डरात दोन तऱ्हेच्या फाइली असतात. ‘डीआरएम.एच’, ‘डीआरएम_मोड.एच’ आणि पिक्सेलच्या मांडणीचे संकेत देणारी ‘डीआरएम_फोरसीसी.एच’ या सर्वांच्या सामाईक, ‘आय९१५_डीआरएम.एच’, ‘एएमडीजीपीयू_डीआरएम.एच’, ‘एक्सई_डीआरएम.एच’ या एकेका ड्रायव्हरच्या.

डेबियनसारख्या लिनक्स वितरणाच्या पॅकेजमधून हे हेडर मिळत असताना प्रत्येक प्रकल्पाने स्वतःची प्रत का बाळगावी, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की मेसाची नवी आवृत्ती दोन-तीन वर्षे जुन्या वितरणावरही कंपाइल व्हावी लागते आणि तिथले हेडर तितकेच जुने असतात. प्रत जवळ असली की कोड नेहमी एकाच व्याख्येवर कंपाइल होतो. समोरच्या कर्नलला नवी सोय ठाऊक आहे की नाही, हे प्रोग्राम चालताना विचारून ठरवले जाते. डीआरएमचे बहुतेक हेडर एमआयटी परवान्याखाली असल्याने बीएसडी प्रणालींनाही ते घेता येतात.

लिबडीआरएममधला रिवाज तिथल्या रीडमी फाइलीत स्पष्ट नोंदवलेला आहे. आधी कर्नलची अशी ब्रँच घ्यायची जिचा इतिहास रिबेस होत नाही, म्हणजे मागाहून नव्याने लिहिला जात नाही, उदाहरणार्थ डीआरएम-नेक्स्ट. त्यावर ‘मेक हेडर्स_इन्स्टॉल’ चालवून हेडर वेगळ्या जागी उतरवायचे. ही पायरी टाळता येत नाही, कारण कर्नलमधली मूळ फाइल आणि बाहेर देण्याची फाइल तंतोतंत एक नसतात. ‘__युजर’सारख्या केवळ कर्नलच्या तपासणीसाठी असलेल्या खुणा या पायरीत गाळल्या जातात. उतरलेल्या फाइली कॉपी करून कमिट करायचे आणि कमिटच्या संदेशात तीन गोष्टी लिहायच्या: काय बदलले याचा थोडक्यात सारांश, फाइली ‘मेक हेडर्स_इन्स्टॉल’ने तयार केल्याची नोंद, आणि त्या कोणत्या ब्रँचच्या कोणत्या कमिटवरून घेतल्या याचा हॅश, म्हणजे त्या कमिटची ओळखखूण. इंटरफेस मोडल्यासारखा बदल दिसत असेल, तर तो का सुरक्षित आहे हेही लिहावेच लागते. प्रतीत हाताने एक ओळही बदलायची नाही. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर चूक दिसली म्हणून कोणी घरी पेन घेऊन ती सुधारत नाही, दुरुस्ती मूळ नोंदीतच करून घ्यावी लागते; इथेही तेच.

प्रवाहाची दिशाही ठरलेली आहे. नव्या सोयीचा कर्नल पॅच मर्ज होण्याआधी ती वापरणारा मुक्त स्रोत युजरस्पेस कोड तयार, तपासलेला आणि पारखलेला असावा लागतो. पण आधी मर्ज होतो तो कर्नलचा पॅच, आणि मगच युजरस्पेसचा. हा क्रम उलटला आणि मधल्या काळात कर्नलमध्ये एखाद्या फ्लॅगचा (सोय चालू असल्याची खूण) आकडा बदलला, तर प्रकाशित झालेली मेसा भलत्याच अर्थाची मागणी करत राहील. पुनरावलोकनात हॅश तपासण्याचा आग्रह धरणारे लोक यासाठीच धरतात, आणि त्यांचे बरोबर आहे.

बदल कसे घडवायचे, याचेही नियम आहेत. प्रोग्राम कर्नलला आयऑक्टल या कॉलने हाक मारतो. त्याच्या ३२ बिटांच्या क्रमांकात मागणीचा अनुक्रम, डीआरएमचे ‘डी’ हे अक्षर, डेटाची दिशा आणि स्ट्रक्चरचा (सोबत पाठवलेल्या फील्डांच्या गठ्ठ्याचा) आकारही गुंफलेला असतो. स्ट्रक्चर वाढवायचे तर नवे फील्ड शेवटी जोडायचे. जुन्या प्रोग्रामने लहान स्ट्रक्चर पाठवले, तर उरलेली जागा डीआरएम शून्यांनी भरते. म्हणून शून्याचा अर्थ ‘पूर्वीप्रमाणेच’ असाच ठेवावा लागतो. उलट बाजूने, नव्या प्रोग्रामने पाठवलेला जादा भाग जुने कर्नल मुकाट्याने सोडून देते. यासाठी जोडीला फ्लॅग हवा, म्हणजे अनोळखी फ्लॅग पाहून कर्नल मागणी नाकारू शकते.

‘डीआरएम_मोड_एफबी_सीएमडी२’ या स्ट्रक्चरमध्ये हे सगळे एका जागी पाहायला मिळते. फ्रेमबफर, म्हणजे पडद्यावर दाखवायच्या चित्राची मेमरी, नोंदवण्यासाठीचे हे स्ट्रक्चर आधी ६८ बाइटचे होते. २०१५ मध्ये त्याच्या शेवटी प्रत्येकी ८ बाइटचे चार मॉडिफायर (पिक्सेल मेमरीत कसे मांडले आहेत याचे संकेत) जोडले गेले. त्यासाठी स्वतंत्र फ्लॅग आला आणि ही सोय आहे का हे विचारण्याची तरतूदही झाली. इथवर सारे नियमाप्रमाणे. पण ६८ ला ८ ने भाग जात नाही. ६४ बिटी कर्नल ४ बाइट मोकळे सोडून मॉडिफायर ७२ व्या बाइटपासून वाचते आणि स्ट्रक्चर १०४ बाइटचे धरते. ३२ बिटी एक्स८६ वर मात्र ८ बाइटच्या आकड्याला ४ चीच सीमा पुरते, म्हणून तिथे ते ६८ व्या बाइटपासून सुरू होतात आणि आकार १०० भरतो. ६४ बिटी कर्नलवर असा ३२ बिटी प्रोग्राम चालवला की दोघांचे आकडे ४ बाइटने सरकतात. हेडर तर आधीच जगभर पोहोचलेला होता, त्यामुळे तो मागे घेणे शक्य नव्हते. अखेर एवढ्या एका आयऑक्टलची मांडणी जुळवणारे वेगळे फंक्शन कर्नलमध्ये ठेवावे लागले, आणि ते कायमचेच. मोकळी जागा कंपायलरवर न सोपवता ‘पॅड’ नावाचे फील्ड स्वतः लिहा आणि पॉइंटर नेहमी ६४ बिटी आकड्यातून पाठवा, असे कर्नलची मार्गदर्शिका बजावते ते याच जातीच्या चुका टाळण्यासाठी. हेडर सिंकचा पॅच तपासताना नवी फील्ड मोजून पाहण्याची सवय म्हणूनच मोलाची. एकदा प्रत बाहेर गेली की चूकही इंटरफेसचा भाग होते.

वितरणांत या फाइली दोन वाटांनी पोहोचतात. डेबियनमध्ये कर्नलकडून आलेली प्रत ‘/यूएसआर/इन्क्लूड/डीआरएम’मध्ये, तर लिबडीआरएमची ‘/यूएसआर/इन्क्लूड/लिबडीआरएम’मध्ये बसते. आर्च लिनक्स कर्नल-हेडरांच्या पॅकेजमधून डीआरएमचा भाग काढून टाकते आणि लिबडीआरएमचीच प्रत ठेवते. दोन्ही प्रती असलेल्या यंत्रावर प्रोग्रामने कोणती उचलली हे कंपायलरला दिलेल्या मार्गावर ठरते. नवे नाव सापडत नसल्याची तक्रार कंपायलरने केली, तर आधी हा मार्ग पाहावा.